बेतणारे हात आणि शिवणारे हात



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. म्हणून बायकांच्या कपड्यांचे दुकान, ज्याला हल्ली बुटीक म्हणतात, हा विषय मी घेतला तेव्हा आमच्याच काही मंडळींना हसू आले. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, कंदिलाखाली नव्हे तरी मिणमिणत्या दिव्याखाली वाचले. त्या वाचनातून आणि तीस वर्षांच्या वणवणीतून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गिरणीचे भोंगे बंद पडले, पण शिवणयंत्राची टकटक बंद पडली नाही. ती कारखान्यातून उठून घराघरांत गेली. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तेरखेड्याच्या माणसांना तर हा विषय परका वाटू नये. आपले गाव फटाक्यांच्या उद्योगासाठी ओळखले जाते. हाताचे काम म्हणजे काय आणि नगावरची मजुरी म्हणजे काय, हे या गावाला समजावून सांगावे लागत नाही. आणि कापडाचे म्हणाल, तर आपल्या जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे दोन हजार वर्षांपूर्वी कापडाची मोठी पेठ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात नोंद आहे, की तगराहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी भडोच बंदरास जाई. तेथून ते कापड समुद्रापार जाई. त्या व्यापाऱ्याने गावाचे नाव लिहिले, मालाचे नाव लिहिले, बंदराचे नाव लिहिले. विणणाराचे नाव मात्र लिहिले नाही. आजच्या व्याख्यानाचा प्रश्न या एका न लिहिलेल्या नावात आहे.

आता बुटीक म्हणजे काय ते पाहू. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचे मूळ ग्रीक 'अपोथेके' या शब्दात आहे. त्याचा अर्थ साठवणीची जागा, म्हणजे आपली वखार. फ्रेंचांनी तो लहान दुकानाला लावला आणि पुढे जगाने तो निवडक कपड्यांच्या दुकानाला लावला. साध्या शिंप्याच्या दुकानात आणि बुटीकमध्ये फरक इतकाच, की शिंप्याकडे कापड आणि कल्पना दोन्ही गिऱ्हाइकाची असतात. बुटीकमध्ये कल्पना दुकानाची असते आणि पुष्कळदा कापडही दुकानाचेच असते. कल्पना विकणाऱ्या या माणसाला आज फॅशन डिझायनर म्हणतात. आपल्या भाषेत त्याला 'बेतणारा' म्हणता येईल.

ही रीत चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या एका इंग्रजाने रूढ केली. त्याने १८५८ साली पॅरिसला दुकान थाटले. त्याच्यापूर्वी गिऱ्हाईक सांगे आणि शिवणारा शिवी. वर्थने हे उलटे केले. नमुने तो ठरवी, ते मुलींच्या अंगावर घालून दाखवी आणि श्रीमंत बायकांनी त्यांतून निवड करावी, असा शिरस्ता त्याने पाडला. कपड्याच्या आतल्या बाजूस स्वतःच्या नावाची पट्टी शिवण्याची चालही त्याच्यामुळे पसरली. त्याच्याकडे शेकडो बायका शिवणकाम करीत. पट्टीवर नाव मात्र एकाचेच. तगराच्या विणकरापासून पॅरिसच्या शिवणारणीपर्यंत हा हिशेब काही बदलला नाही.

पण बेतणे ही काही सोपी कला नव्हे, आणि तिचे मोल कमी लेखून शिवणाऱ्याचे मोल वाढत नाही. कापड सपाट असते आणि माणसाचे अंग गोल असते. सपाट कापड गोल अंगावर बसवायचे, हे बेतणाऱ्याचे सारे शास्त्र. छातीशी चूण घालून फुगवटा साधायचा, मुंढा अर्ध्या बोटाने जास्त खोल घेतला तर हात वर उचलताना ब्लाउज ओढला जातो, गळा जास्त उतरला तर खांदा घसरतो. ही सारी गणितेच आहेत, फक्त ती पाटीवर न मांडता कात्रीने मांडलेली असतात. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात धरून ओढा, ते फारसे ताणत नाही. तेच तिरपे धरून ओढा, म्हणजे आपल्या बायका ज्याला उरेब म्हणतात तसे धरा, की ते रबरासारखे सैल पडते आणि अंगाबरोबर वळते. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी.

या उरेब कापडावर आख्खा पोशाख उभा करून दाखवणारी बाई म्हणजे फ्रान्सची मादलेन व्हिओने. ती बारा वर्षांच्या आतबाहेर असतानाच शिवणकामात उमेदवारीला लागली. १९१२ साली तिने पॅरिसला स्वतःचे दुकान काढले. महायुद्धात ते बंद ठेवावे लागले. १९२३ साली ते मोठ्या जागेत गेले आणि भरभराटीच्या काळात तिच्याकडे हजारावर माणसे कामाला होती. ती स्वतः शिवणारणीच्या बाकावर बसून वाढलेली. म्हणून तिने आपल्या कारखान्यात बिनपाठीच्या स्टुलांऐवजी पाठ असलेल्या खुर्च्या दिल्या. कामगार बायकांसाठी भोजनघर, दवाखाना, दातांचा डॉक्टर, बाळंतपणाची रजा, भरपगारी सुटी, या सोयी केल्या. फ्रान्समध्ये भरपगारी सुटीचा कायदा १९३६ साली झाला. या बाईने तो आपल्या दुकानात आधीच अमलात आणला होता. आणि आपल्या कपड्यांची कोणी नक्कल करू नये म्हणून ती पट्टीवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवी. आमच्याकडे अंगठा निरक्षराची निशाणी समजतात. तिने तो कसबाची निशाणी केला. ज्या दुकानात शिवणारी बाई पाठ टेकून बसू शकते, त्याच दुकानाने जगाला बेतण्याची नवी विद्या दिली, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, परदेशच्या गोष्टी पुरे, आपल्याकडचे सांगा. सांगतो.

कोल्हापूरच्या अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराच्या घरी १९२९ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव भानुमती. वडील लहानपणीच गेले. मुलीचा हात चित्रात होता, म्हणून ती मुंबईला येऊन सर जे. जे. कलाशाळेत शिकली. पोटासाठी तिने बायकांच्या इंग्रजी मासिकांतून पोशाखांची चित्रे काढण्याचे काम धरले. त्यांतल्या 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकाच्या संपादिकेने पुढे एक बुटीक काढले आणि या चित्रकार मुलीला म्हटले, तू नुसती चित्रे काढतेस, आता कपडेच बेतून पहा. तिने बेतले. त्या दुकानात सिनेमातल्या नट्या येत. त्यांनी ते कपडे पाहिले आणि मुलीला चित्रपटाचे दार उघडले. हीच पुढे भानू अथैया म्हणून प्रसिद्ध झाली. 'श्री ४२०', 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड' या चित्रपटांचे पोशाख तिच्या हातचे. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी तिने आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली तिला जॉन मोलो यांच्या जोडीने ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. २०२० साली तिचे निधन झाले.

या चरित्रात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की जगाच्या मंचावर गेलेले हे कसब एका लहानशा बुटीकच्या टेबलावर तयार झाले. लहान दुकानाला कमी लेखू नये. दुसरी ही, की 'गांधी' चित्रपटात राजवाड्यातला झगमगाट थोडा आणि खेड्यातल्या माणसाचे धोतर, पंचा, जाडीभरडी साडी हीच जास्त. साध्या माणसाचे कापड त्याच्या अंगावर जसे असते तसे दाखवणे, याला जगाने कला म्हणून मान दिला. तेव्हा कला ही महाग कापडात असते, हा समज सोडला पाहिजे.

दुसरे उदाहरण गोव्याचे. वेंडेल रॉड्रिक्स यांनी १९९० च्या आगेमागे स्वतःच्या नावाने कपडे बेतण्यास आरंभ केला आणि पणजीला त्यांचे बुटीक वर्षानुवर्षे चालले. मुंबई-दिल्लीची नक्कल न करता गोव्याच्या हवेला मानवेल असा सुटसुटीत, हलका कपडा ते बेतीत. गोव्याच्या कुणबी बायका लाल चौकड्यांची जी आखूड सुती साडी नेसत, ती विणणारे हातमाग बंद पडत चालले होते. रॉड्रिक्स यांनी विणकरांकडून ती पुन्हा विणून घेतली आणि २०१० च्या सुमारास ती फॅशनच्या मंचावर आणली. गोव्याच्या पोशाखाचा इतिहास सांगणारा 'मोडा गोवा' हा ग्रंथ त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि २०१६ साली, आपण हयात असतानाच, त्यांनी दुकानाची बेतण्याची जबाबदारी शुलेन फर्नांडिस या आपल्या सहकारी डिझायनर बाईंच्या हाती दिली. २०२० साली रॉड्रिक्स वारले, पण दुकानाचे नाव त्यांच्याबरोबर गेले नाही. शेतात राबणाऱ्या बाईची साडी विणणाऱ्याकडे ज्याचे लक्ष जाते, त्याला दुकानाचा वारसही वेळेवर दिसतो.

आता या विषयाच्या दुखऱ्या भागाकडे येतो.

शिवणयंत्राचा इतिहासच रागाने सुरू होतो. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राची सनद मिळवली आणि सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी पोट जाईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे फोडली. त्या शिंप्यांची भीती मला समजते, पण यंत्र फोडून भाकर मिळत नाही. १८५१ साली अमेरिकेत सिंगरने आपल्या यंत्राची सनद घेतली आणि यंत्र घरोघर गेले. त्याबरोबर कामही घरोघर गेले, आणि मजुरीवर नजर ठेवणारे कोणी उरले नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली ब्लाउज शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांनी, बहुतांशी तरुण मुलींनी, संप केला. पुढे २५ मार्च १९११ रोजी तिथल्याच ट्रँगल कंपनीच्या कारखान्यास आग लागली. बाहेरचे दार कुलूपबंद होते. १४६ माणसे मेली. त्यानंतर तिथे कारखान्यांचे कायदे सुधारले. आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावर, २४ एप्रिल २०१३ रोजी, बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेंहून अधिक कामगार दगावले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी माणसांना आत बोलावले. दारूकामाच्या गावाला बंद दाराचा आणि दुर्लक्षित तड्याचा अर्थ मी सांगण्याची गरज नाही.

बुटीकचा कारखाना इतका मोठा नसतो, आणि मालकीण बहुधा वाईटही नसते. पण तिथला प्रश्न वेगळा असतो. त्याचा एक अनुभव सांगतो. गावाचे आणि दुकानाचे नाव घेत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शहरात घरी बसून भरतकाम करणाऱ्या अकरा बायकांची मी बैठक घेतली. लग्नसराई होती. त्यांनी एका बुटीकसाठी चाळीस ओढण्यांचे काठ भरून दिले होते. भरलेल्या दोऱ्याचा रंग धुण्यात उतरला आणि दुकानाने सारा माल नापास केला. मजुरी नाही ती नाहीच, उलट कापडाची किंमत पुढच्या कामातून कापणार असे सांगितले. दोरा दुकानानेच दिला होता, असे बायकांचे म्हणणे. मी तावातावाने मालकिणीकडे गेलो. ती बाई शांतपणे म्हणाली, "दादा, माझं कापड गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं. दोरा माझा होता असं कुठं लिहिलंय, दाखवा." लिहिलेले काहीच नव्हते. परत येऊन मी बायकांना विचारले, किती नग दिले, कोणत्या दराने, याची एखादी चिठ्ठी तरी आहे का? त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली, "दादा, काम केल्याचा पुरावा म्हणजे माझी बोटं. ती नेऊन दाखवू का?"

मला उत्तर देता आले नाही. शेवटी अर्ध्या मजुरीवर तडजोड झाली. बायकांनी माझे आभार मानले, पण मला मात्र लाज वाटली. गिरणीत हजेरीपट आणि पगारपत्रक यांसाठी भांडण्यात मी उमेद घालवली होती. पण घरात बसून काम करणाऱ्या बाईलाही तिचे पत्रक लागते, हे मी तिला कधी शिकवले नव्हते. चूक मालकिणीची होती तशी माझीही होती.

म्हणून आज जी गोष्ट सांगायला आलो ती सांगतो. नगाचा दर कसा तपासायचा, हे प्रत्येक शिवणाऱ्या बाईला आणि प्रत्येक दुकानदाराला आले पाहिजे. समजा, आरीकामाचे एक ब्लाउज ३००० रुपयांना विकले जाते आणि भरणाऱ्या बाईला त्यातले ६०० रुपये मिळतात. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. ६०० ऐकायला बरे वाटतात. पण ते काम व्हायला १६ तास लागत असतील, तर ताशी साडेसदतीस रुपये पडले आणि आठ तासांच्या दिवसाचे ३००. आता यातून तिची वीज, सुई आणि दुकानापर्यंतचे हेलपाटे वजा करा. जे उरेल ते त्या कामाच्या सरकारी किमान वेतनाशी ताडून पहा. दर न्याय्य की अन्याय्य, हे भांडणाने ठरवायचे नसून या भागाकाराने ठरवायचे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने नगावरच्या कामासाठीही किमान दर ठरवण्याची तरतूद केली होती, आणि नगावर काम करणाऱ्याला किमान वेतनाचे संरक्षण देण्याचे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे.

दुकानाची बाजूही मांडली पाहिजे. उरलेल्या २४०० रुपयांतून कापड, अस्तर, कापणाऱ्या मास्तरचा पगार, शिलाई, काज-बटण, जागेचे भाडे, कर आणि न खपलेल्या मालाचा तोटा भागवावा लागतो. लग्नसराईत मिळवायचे आणि पावसाळ्यात बसून खायचे, असा हा धंदा आहे. मालकीण म्हणजे सोन्याच्या राशीवर बसलेली बाई, असे समजून तिच्याशी बोललो तर बोलणी फिसकटतात. पण हंगामाची मंदी जर खरी असेल, तर ती दोघींनी वाटून घ्यावी. सारी मंदी शिवणारणीच्या वाट्याला आणि सारी तेजी दुकानाच्या वाट्याला, असा वाटा न्यायाचा नव्हे.

उपाय मोठे नाहीत. पहिला उपाय चिठ्ठी. काम देताना तारीख, नग, दर, कापड आणि दोरा कोणाचा, परत कधी द्यायचे आणि माल बिघडल्यास कोणी सोसायचे, या सहा गोष्टी कागदावर लिहून दोघींनी सही करावी. दुसरा उपाय, एकीने एकटीने दर ठरवू नये. एका गल्लीतल्या बायकांनी एकत्र बसून ठरवावा. अहमदाबादला इलाबेन भट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना उभी केली ती अशाच, मालक डोळ्यांना दिसत नाही अशा बायकांची. या बायका कामगार नाहीतच, असे तेव्हा सांगितले जाई. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाराही कामगारच, असा करार केला. तिसरा उपाय, सरकारी दप्तरात आपले नाव घालावे. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली, आणि २०२३ साली आलेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. दप्तरात नाव आले म्हणून पोट भरत नाही, हे खरे. पण ज्याचे नाव कुठेच नाही, त्याचे गाऱ्हाणे कोणाच्या नावावर लिहावे?

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी मडकी पारखावी तसे सर्वांच्या डोक्यांवर थापटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. नामदेव जातीने शिंपी आणि गोरोबा कुंभार. एका कसबी माणसाची पारख दुसऱ्या कसबी माणसाने केली, आणि नामदेवांनी ती मनाला लावून घेऊन पुढे गुरू शोधला. आपणही दुकानात गेल्यावर कपड्याची पारख करतो. रंग पाहतो, काठ पाहतो, किंमत उतरवून मागतो. यापुढे तो उलटा करून आतली शिवणही पाहावी, आणि हा कोणी शिवला, त्याला काय मिळाले, हेही विचारावे. गिऱ्हाइकाने विचारले की दुकानदाराला उत्तर तयार ठेवावे लागते.

शेवटी शिंपीकामातल्याच एका शब्दाने आवरतो. चांगला शिंपी कापड अगदी काठोकाठ कापीत नाही. शिवणीच्या आत बोटभर कापड जास्त ठेवतो. पुढे अंग भरले तर तेवढे उसवून कपडा सैल करता येतो, फेकावा लागत नाही. या राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, पट्टीवर तिचे नाव नसते, पण कपडा दहा वर्षे टिकतो तो तिच्यामुळे. ज्या दुकानाने आपल्या हिशेबात शिवणाऱ्यांसाठी बोटभर माया ठेवली, ते दुकान टिकेल. काठोकाठ कापलेले पहिल्या ताणालाच उसवते.